साहेबाचे देव पाण्यात

सिंगापुरातल्या मराठी माणसांत मी विजोड होतो, हे आधीच सांगून टाकतो. मंडळात नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी "तुम्ही कुठल्या बँकेत?" असं विचारायचा. पुण्यामुंबईहून आलेला जो तो कुठल्या ना कुठल्या बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत असे. मी म्हणायचो, "बँकेत नाही. मी पूल बांधतो." मग, "अच्छा, सिव्हिल!" हा 'अच्छा' मी चांगला ओळखतो. कॉलेज सुटल्यापासून मुलींच्या बापांकडून तोच ऐकत आलो होतो. एका बापाला तो आवरता आला, म्हणून माझं लग्न झालं.

त्या वर्षी माझी आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सेंगकांगला आली होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ती सांगलीला एकटीच राहायची. आली ती देव बरोबर घेऊन. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि अंगठ्याएवढा गणपती, असे तीन पितळी देव रुमालात गुंडाळून पर्समध्ये. मी म्हटलं, "अगं, शेजारी कुणाला तरी पूजा सांगायची." तर म्हणाली, "शेजारीच कोण उरलंय? सगळ्यांची पोरं तुझ्यासारखी. घराला कुलूप लावलं, देवांना कसं कुलपात उपाशी ठेवू?" कप्पाळ! मी पर्स घेतली आणि टॅक्सीच्या रांगेत उभा राहिलो.

त्याच सुमाराला माझं घोडं एका पुलापाशी पेंड खात होतं. पूल म्हणजे फार काही नाही. बिशान आणि आंग मो किओ यांच्या मधून जे पाणी वाहतं, त्यावर पायी चालण्यापुरता एक लोखंडी पूल टाकायचा होता. पलीकडच्या ब्लॉकमधल्या म्हाताऱ्यांना हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांकडे, जायला वळसा पडायचा, तो वाचावा म्हणून. सगळा पूल कारखान्यात जोडून आणायचा आणि क्रेनने एका उचलीत अलगद जागेवर ठेवायचा. त्यासाठी पुलाच्या पाठीवर चार जागी लोखंडी कान वेल्ड करतात आणि त्या कानांत क्रेनचे दोर अडकवतात. ते चार कान केवढे, किती जाड आणि कुठे लावायचे, हे गणित माझं होतं. उचलताना एक कान जरी तुटला असता तरी पूल पाण्यात आणि माझी अब्रू त्याच्या आधी.

आणि अब्रूपेक्षा मोठी भानगड वेगळीच होती. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. बायको आणि मुलगी माझ्याच पासाच्या शेपटीला बांधलेल्या. त्या वर्षांत सरकार बाहेरच्यांना पास देताना हात आखडता घ्यायला लागलं होतं, त्यामुळे कंपनीने जोर लावल्याशिवाय काही होणार नव्हतं. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर कमी बोलणारा चिनी गृहस्थ होता. मी जीव मुठीत धरून विचारलं, तर तो नूडल्स खाता खाता म्हणाला, "ब्रिज सिट नाइसली, वी रिन्यू. नॉट नाइसली, आय डोन्ट नो लाह." बारा वर्षांच्या नोकरीचा निकाल माणसाने दोन वाक्यांत लावला आणि सूप प्यायला.

हे मी घरी सांगितलं. बायकोचा चेहरा उतरला. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिने विचारलं, "म्हणजे पूल नीट बसला तर तुम्ही इथे, नाहीतर घरी?"

"हो."

"सगळेच?"

"सगळेच. पण तू नको काळजी करू."

"असं होय," आई म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. पोळी त्या दिवशी जरा करपली.

आता या गोष्टीतल्या गोऱ्या साहेबाबद्दल. मंडळाची महिन्यातून एकदा बिशानला बैठक असायची आणि कुणीतरी अर्धा तास बोलायचं. त्या महिन्याचा वक्ता ऐन वेळी आजारी पडला. आईने आधीच हळदीकुंकवात 'माझा मुलगा पूल बांधतो' अशी जाहिरात करून ठेवलेली, त्यामुळे मंडळी माझ्याकडे वळली. अडला हरी, दुसरं काय. मी लगेच हो म्हटलं. कॉलेजपासून एक माणूस माझ्या डोक्यात बसलेला होता, त्याच्याबद्दल बोलायची संधी मला आजवर कुणी दिली नव्हती.

हा माणूस सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा, स्कॉटलंडमधल्या मेंढपाळाचा मुलगा. तान्हा असतानाच बाप गेला. पोरगा पाथरवटाच्या हाताखाली लागला आणि थडग्यांवर नावं कोरत कोरत वाढला. शिक्षण असं काही नाही, पुस्तकं मागून आणून वाचायचा. पुढे याच माणसाने डोंगरातून रस्ते काढले, नद्यांवर पूल बांधले, बंदरं बांधली, कालवे खणले. एका दरीवर तर याने लोखंडाची लांबच लांब पन्हळ उंच खांबांवर ठेवली, तिच्यात पाणी भरलं आणि त्या पाण्यातून मालाच्या नावा नेल्या. खाली गुरं चरताहेत आणि वर नाव चालली आहे! लोकांनी आधी त्याला वेड्यात काढलं आणि मग तिकडे सहलीला जायला लागले. सिव्हिल इंजिनिअर म्हणजे कोण हे तेव्हा कुणाला धड ठाऊक नव्हतं. ती इज्जत याने आणि याच्यासारख्या चार-दोघांनी कमावली. नंतर आम्ही ती घालवली, तो भाग वेगळा.

आणि शेवटी म्हातारपणी याने समुद्राच्या खाडीवर लोखंडी साखळ्यांनी टांगलेला पूल बांधला. खालून शिडाची जहाजं जातील इतका उंच. तेव्हा गणित पुरेसं नव्हतं, लोखंडावर भरवसा नव्हता. मग याने काय केलं, तर साखळीचा प्रत्येक गज, एकही न सोडता, यंत्रात घालून ओढून पाहिला. पुढे जेवढा भार येणार त्याच्या कितीतरी जास्त ताण दिला. जो टिकला तो तापवून जवसाच्या तेलात बुडवला आणि मगच कामाला घेतला. कागदावर सही होती म्हणून काही पुढे सरकलं, असं झालं नाही.

हे सगळं मी बिशानला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. भाषण संपल्यावर पहिला प्रश्न आला, "पण या सगळ्याचा त्या काळात रिटर्न किती मिळाला असेल?" दुसरा प्रश्न आला, "सामोसे आणायचे का आता?"

घरी जाताना ट्रेनमध्ये आई शेजारी बसली होती. म्हणाली, "छान बोललास. जवसाचं तेल लोखंडाला लावतात हे मला माहीत नव्हतं. आणि त्याची आई?"

"आईचं काय?"

"बाप लहानपणीच गेला म्हणालास. मग आईने वाढवला असेल."

"हो. एका खोलीच्या घरात, लोकांची कामं करून."

"आणि हा गावोगाव पूल बांधत."

"पत्रं पाठवायचा की! छापल्यासारखी मोठी मोठी अक्षरं काढायचा, म्हणजे तिला चुलीपाशी बसून स्वतःची स्वतः वाचता यावीत."

"गुणाचा गं बाई," आई म्हणाली. "मग राहायला गेला का परत?"

"भेटायला जायचा. राहायला कसा जाणार? कामं होती."

"तो मोठा पूल झाला तेव्हा होती ती?"

"नाही. त्याच्या कितीतरी आधी गेली."

आई म्हणाली, "एवढा मोठा पूल. भीती नाही वाटली त्याला?"

आता खरं सांगतो. साहेबाची एक गोष्ट मी भाषणात मुद्दाम गाळली होती. पुलाच्या आधी कित्येक दिवस त्याची झोप उडालेली होती. साखळी वर ओढून जागेवर बसवली तेव्हा काठावरच्या लोकांनी आरोळ्या ठोकल्या. मित्र अभिनंदन करायला धावत गेले, तर हा गुडघे टेकून प्रार्थना करत बसलेला. एवढा प्रत्येक गज तपासून घेणारा माणूस आणि शेवटी हे! मला ते कधीच पटलं नव्हतं. पण आईने विचारलं म्हणून सांगितलं.

"म्हणजे साहेबाने देव पाण्यात ठेवले होते म्हण की," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "हे का नाही सांगितलंस भाषणात? एवढीच तर खरी गोष्ट होती."

"ते इंजिनिअरिंग नाही, आई."

"काय मागत होता तो?"

"पूल टिकू दे म्हणून. दुसरं काय मागणार?"

"कुणी विचारलं होतं त्याला, काय मागितलंस म्हणून?"

"कुणी कशाला विचारेल? समोर पूल दिसतोय की!"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि आमचं स्टेशन आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आमचे देव पाण्यात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, घरावर काही बाका प्रसंग आला की आमच्याकडे देव उचलून पाण्यात ठेवतात. मनातलं काम होईपर्यंत त्यांनी तिथेच बसायचं. म्हणजे देवाला ओलीसच धरायचं, पण नमस्कार करून. आईने किचनच्या कोपऱ्यात पितळी पातेलं मांडलं होतं, त्यात तिघं बुडालेले आणि वर दोन तुळशीची पानं. माझी मुलगी सात वर्षांची. ती वाकून बघत म्हणाली, "आजी, दे आर स्विमिंग आह?" बायकोने मला डोळ्यांनी दटावलं, तरी मी बोललोच. म्हटलं, "आई, क्रेन पाचशे टनी आहे. तिला अन्नपूर्णेची मदत कशाला?"

"तू तुझं काम कर," आई म्हणाली. "मी माझं करते."

मी हसलो. पण मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या पुलासाठी या बाईने आपले देव बुडवले, असं वाटून जरा भरूनही आलं. बायकोला म्हटलं, "माझ्या पासाची माझ्यापेक्षा हिलाच काळजी." बायको म्हणाली, "हो रे, सारखं विचारतात मला. पास नाही मिळाला तर किती दिवसांत निघावं लागतं, पोरीची शाळा तिकडे मिळेल का." आम्ही दोघंही हळहळलो.

त्या वर्षी डेंग्यूचा जोर होता. आमच्या ब्लॉकखाली लाल पाटी लागली होती. या देशात खुनाचा तपास कसा करतात मला माहीत नाही, पण डासाचा तपास मी पाहिला आहे. पूल उचलायच्या चार दिवस आधी, सकाळी नऊला, दारात गणवेश घातलेली एक चिनी बाई उभी. साठीची असेल, कमरेला टॉर्च, खांद्यावर पिशवी. बूट काढून आत आली आणि घर तपासायला लागली. फुलदाणीत टॉर्च, संडासाच्या टाकीत टॉर्च, भांडी निथळायच्या जाळीखाली टॉर्च, कपडे वाळवायचे बांबू खोचायच्या नळीत टॉर्च. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण फ्रिजच्या मागे इतक्या आस्थेने कुणी पाहिलं नव्हतं. बघत बघत ती किचनच्या कोपऱ्यात पोचली.

आमच्याकडे पाण्यातले देव हलवत नाहीत. आई वरून रोज भांडंभर पाणी घालायची, पण बदललेलं नव्हतं. दोन आठवडे झाले होते. बाईने टॉर्च मारला, ड्रॉपर काढला, पातेल्यातलं थोडं पाणी ओढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. त्यात स्वल्पविरामाएवढे चार-पाच जीव वळवळत होते. बोंबला! बाळकृष्णाच्या पायाशी डासांचं गोकुळ नांदत होतं.

बाईने पातेल्यात पुन्हा पाहिलं आणि हळूच विचारलं, "गॉड इनसाइड आह?"

मी मान हलवली. बाईने टॉर्च खाली ठेवला, पातेल्याला हात जोडले, मग मला म्हणाली, "गॉड ओके. वॉटर नॉट ओके. मस्ट पोअर."

आईला मी समजावून सांगितलं. ती पातेल्यासमोर आडवी उभी राहिली. "काम झाल्याशिवाय काढायचे नाहीत," म्हणाली. "तिला सांग, चार दिवस थांब म्हणावं." मी बाईला चार दिवसांचं विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच शरमलो. शेवटी बायकोने तोडगा काढला. मुलीचा निळ्या झाकणाचा, चारी बाजूंनी क्लिपा लावायचा प्लास्टिकचा टिफिन आणला. देव उचलून ताज्या पाण्यासकट त्यात, आणि क्लिपा खटाखट बंद. चिनी बाईने डबा उलटा करून पाहिला. थेंब गळला नाही. "लाइक धिस, व्हेरी गुड," ती म्हणाली, "दंडाचं पत्र घरी येईल" असं इंग्रजीत बजावलं आणि बूट घालून शेजारच्या घरी गेली. पातेल्यातलं पाणी मी बेसिनमध्ये ओतलं. आई टिफिन हातात धरून बराच वेळ बसून राहिली.

मला मात्र त्या दिवशी चैन पडेना. देव काढले म्हणून नाही, असं मी स्वतःला चारदा सांगितलं. त्या बाईचा टॉर्च डोळ्यांपुढून जाईना. डासाच्या अळीसाठी माणूस भांड्याच्या जाळीखाली वाकून बघतो आणि माझे चार कान? त्यांच्या तपासणीचे कागद आले होते, कागदांवर शिक्का होता, शिक्क्याखाली सही होती. साहेबाने प्रत्येक गज ओढून पाहिला म्हणून मी बिशानला छाती फुगवून सांगून आलो होतो आणि स्वतः शिक्का बघून झोपत होतो. लाज वाटली. दुपारी घरातलाच टॉर्च घेऊन साइटवर गेलो, शिडी लावून पुलाच्या पाठीवर चढलो आणि एकेका कानापाशी पालथा पडून बघायला लागलो.

पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याच्या मुळाशी रंगाखाली केसाएवढी रेघ होती. नखाने रंग खरवडला, तर रेघ लांबली. तिथेच उन्हात बसून मी मॅनेजरला फोन केला. तो आला, वाकला, पाहिलं, आणि चिनी भाषेत जे काही म्हणाला त्याचं मराठी करायची गरज नाही. उचल दहा दिवस पुढे गेली. क्रेन परत पाठवली, तिसरा कान कापून नवा लावला, चारी कान नव्याने तपासले. कान मोडता मोडता वाचवल्याबद्दल कुणी शाबासकी दिली असेल असं वाटत असेल, तर तुम्ही कधी नोकरी केलेली नाही. "दहा दिवस लेट" एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं. वेल्ड करणारा मोकळा, शिक्का मारणारा मोकळा, आणि ज्याने पाहिलं तो गुन्हेगार!

घरी येऊन मी चिडून म्हटलं, "असंच चाललं तर पाठवतील आता सांगलीला परत."

"खरंच?" आईने इतक्या झटकन विचारलं की मी वळून पाहिलं. ती पटकन टिफिनावरची धूळ पुसायला लागली. बिचारी किती धास्तावली आहे, असं वाटून मी आवाज खाली आणला. "नाही गं, तसं नाही होणार," म्हटलं.

पूल उचलायच्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. क्रेनने दोर ताणले. पूल जमिनीवरून चार बोटं उठला आणि तसाच थांबवला, दहा मिनिटं. मग वर. मग पाण्यावर. दोन्ही काठांना चार-चार माणसं दोऱ्या धरून त्याला वळवत होती. मी पलीकडच्या टोकाला होतो. पूल खाली येत गेला, हातभर राहिला, वीतभर राहिला, आणि बसला. आवाजसुद्धा झाला नाही. काठावर उभ्या असलेल्या दोन आज्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर चालत माझ्यापाशी आला तेव्हा मी पुलाच्या टोकाशी गुडघ्यांवर होतो.

"यू प्रे आह?" त्याने विचारलं.

"नो नो," मी म्हटलं. "खालची फट तपासतोय."

"ओके लाह," तो म्हणाला. "चेक, चेक."

फट मोजायची पट्टी माझ्या खिशातच होती. बाहेर काढलेली नव्हती. इतकी वर्षं मी त्या साहेबाला या एका गोष्टीसाठी माफ केलं नव्हतं, आणि मला माझे गुडघे कधी टेकले ते कळलंही नाही.

तीन आठवड्यांनी पास आला. दोन वर्षांचा. मी घरात ओरडतच शिरलो. बायको रडायला लागली, मुलगी "यॅ!" म्हणून सोफ्यावर नाचली. आई उठली आणि शिरा करायला गेली. बेदाणे घालून, तूप सोडून, रीतसर. मी म्हटलं, "आई, काढ आता देवांना. झालं त्यांचं काम."

"निघताना काढीन," ती म्हणाली. "बघू."

मी फार विचार केला नाही. पाणी ती दिवसाआड बदलत होती, डासांच्या कायद्याप्रमाणे. बाकी देवांच्या बाबतीत तिला कोण शिकवणार?

आठवडाभराने आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. बॅग दिली, बोर्डिंग पास घेतला. आत जायच्या आधी मी सवयीने विचारलं, "पर्समध्ये पाण्याची बाटली वगैरे नाही ना? आत काढून घेतात."

आईने पर्स उघडली आणि तो निळ्या झाकणाचा टिफिन बाहेर काढला. आत पाणी, पाण्यात देव.

"अगं आई! अजून? पूल बसून महिना झाला. पास आला. आता कशासाठी?"

मुलगी पुढे ट्रॉलीवर उभी राहून खेळत होती, बायको तिच्यापाशी होती. आईने त्या दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लहान मुलाने काच फोडल्याचं कबूल करावं तशी म्हणाली, "तुझ्या पुलासाठी नव्हते रे ठेवले."

मला कळेना. मग कळलं. 'नाहीतर घरी?' 'सगळेच?' 'खरंच?' सगळं एकदम कळलं आणि मी तिथे गर्दीत खांबासारखा उभा राहिलो.

"पूल पडावा असं नाही हं मागितलं," आई घाईने म्हणाली. "असलं अभद्र कशाला मागेन? पूल नीट बसू दे, कुणाला इजा नको होऊ दे, तुला यश येऊ दे. फक्त पास तेवढा नको मिळू दे, असं सांगितलं होतं. नीट समजावून सांगितलं होतं." मग ती हसली. "या डब्याचं झाकण फार घट्ट आहे बघ. अर्धंच ऐकू गेलं त्यांना."

साहेबाची ती चुलीपाशी पत्रं वाचत बसलेली म्हातारी आई मी भाषणात सांगायची विसरलो होतो, तीच माझ्यासमोर पर्स धरून उभी होती, आणि तिला मी ट्रेनमध्ये 'कामं होती' एवढंच सांगितलं होतं.

"दे इकडे," मी म्हटलं. "पाणी ओतून आणतो."

बाथरूममध्ये बेसिनपाशी उभं राहून मी चारी क्लिपा उघडल्या. देव काढून रुमालाने पुसले आणि बाजूला ठेवले. डबा उजेडाकडे धरला. अळी नव्हती, एवढं नीट पाहिलं. मग तळहाताचा खोलगा करून त्यात थोडं पाणी घेतलं, लहानपणी ती तीर्थ द्यायची तसं, आणि प्यायलो. प्लास्टिकची आणि पितळेची चव होती. शेजारी हात धुणाऱ्या माणसाने मान वळवली, मग पुन्हा आपले हात धुवायला लागला. उरलेलं पाणी मी बेसिनमध्ये ओतलं.

बाहेर येऊन देव तिच्या हातात दिले. तिने ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले आणि चेन लावली.

"सगळं ओतलंस ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.